गळ्याशी सुरी आणि पुढचं स्टेशन घणसोली

खिडकीची_सीट

आधीच सांगून टाकते, हा धागा म्हणजे कबुलीजबाब आहे. वय चव्वेचाळीस, घर ठाण्यात, नोकरी घणसोलीला, नवरा सज्जन, लेक बारावीत. सकाळी दहा नंबरवरून वाशी गाडी पकडते आणि गेलं दीड वर्ष त्या गाडीत मी जे वाचतेय ते घरी कोणाला ठाऊक नाही. घरच्यांची समजूत आहे की मी किंडलवर पुलं वाचते.

मी वाचते ती सगळी पुस्तकं एकाच चालीची. कुठलंतरी काल्पनिक राज्य, तिथे जादू आणि शाप, पंखवाली नाहीतर शिंगवाली माणसं. तिच्या घराण्याचा आणि त्याच्या घराण्याचा उभा दावा. ती त्याला मारायला आलेली असते, नाहीतर तो तिला. पन्नास पानांच्या आत कोणीतरी कोणाच्यातरी गळ्याला सुरी लावतं. पाचशेव्या पानावर काय होतं ते सांगायला नको.

मागच्या मंगळवारी एका पुस्तकात तो हाडवैरी, ज्याने आयुष्यात कोणापुढे मान वाकवली नाही, तिच्या बुटाची नाडी बांधायला गुडघ्यावर बसला. तिचा हात दुखावला होता म्हणून. एक शब्द बोलला नाही. मी मान वर केली तेव्हा गाडी कोपरखैरण्यात उभी होती. लेट मार्क लागला. ऑफिसात सांगितलं, सिग्नल मिळत नव्हता.

प्रश्न असा आहे. असला माणूस खराखुरा समोर आला तर मी पहिलं पोलीस स्टेशन गाठेन. मग पुस्तकात तो आला की माझे कान का गरम होतात?

मी एक उत्तर शोधलंय, ते सांगते आणि गप्प बसते. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझ्या चहात साखर किती ते आमच्याकडे अजून विचारावं लागतं. आणि हा पुस्तकातला वैरी? तलवार धरताना तिचा अंगठा कुठे येतो, खोटं बोलताना ती कुठे बघते, कोणत्या पायऱ्यांवर तिला धाप लागते, सगळं पहिल्या भेटीत टिपतो. मारायचंय ना त्याला, लक्ष द्यावंच लागतं. एवढं बारीक लक्ष बाईकडे एकतर आई देते, नाहीतर वैरी.

ता. क. माझ्या शेजारी रोज एक बाई बसतात. रबाळ्याला उतरतात. मी किंडल उघडलं की त्या खिडकीबाहेर बघतात. चाळिशी लागल्यापासून मी अक्षरं भलीमोठी करून वाचते, त्यामुळे धास्ती असते. पण त्या बिचाऱ्या सोज्वळ दिसतात.

भोचक_भवानी

चहा घेऊन बसले. साखरेचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'दीड चमचा ना?' मी बिनसाखरेचा पिते. गेली सहा वर्षं.

ह्या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय? 'वैरी ते प्रियकर' हे एसटीच्या पाटीसारखं वाटतं. मार्गे कारावास.

अण्णा_नौपाडा

धागा वाचला. सून असली पुस्तकं वाचते, मुखपृष्ठावर काटेरी वेली आणि मुकुट असतो, म्हणून कुतूहल होतं.

आपल्याकडे नवीन काही नसतं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अशाच अद्भुतरम्य गोष्टींची चलती होती. संकटांमागून संकटं, ताटातूट, शेवटी मीलन. मग १८८५ साली हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' आली आणि कादंबरी वाड्यातून उतरून आपल्या माजघरात शिरली. ती काही फारशी बाहेर पडली नाही.

फरक एवढाच की त्या जुन्या कथांत नायक म्हणजे धुतल्या तांदळासारखा आणि खलनायक वेगळा, पगारी. तुमच्या लेखिकांनी काटकसर केली आहे. दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेतात.

भोचक_भवानी

अण्णा, 'खलनायक पगारी' हे मी चोरणार आहे.

दोन_मिनिटं_बोलू

विनोद बाजूला ठेवून बोलतो. मला दोन मुली आहेत. पळवून नेणारा, कोंडून ठेवणारा, धमक्या देणारा पुरुष 'आतून खूप दुखावलेला आहे हो' म्हणून शेवटी गोड करून दाखवायचा, हे बरं नाही. नकाराचा अर्थ होकार असतो हे आपल्या पडद्यावरच्या नायकांनी दोन पिढ्यांना शिकवलं. मुलीच्या मागे लागायचं, शिट्या मारायच्या, शेवटी ती पटते. ते आत्ता कुठे विसरत होतो. आता तेच पंख लावून परत आलंय. आणि कोण वाचतं हे, असं म्हणायचीही सोय राहिली नाही, कारण रिबेका यारोसच्या ड्रॅगनवाल्या मालिकेचा तिसरा भाग जानेवारी २०२५मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती गेल्या. हे पेपरात वाचल्यावरच मी मुलीच्या कपाटात डोकावलो. होता.

रातराणी_१९

काका, नमस्कार. तुमच्या मुलीच्या बाजूने बोलते. मी वाशीला कॉलेजात आहे आणि ह्या विषयातली डॉक्टरेट मला कधीच मिळायला हवी होती.

त्या मालिकेत तो तिला पळवून नेत नाही. दोघं एकाच युद्धविद्यालयात शिकतात. त्याच्या बापाने बंड केलं होतं, त्याला पकडलं तिच्या आईने आणि देहदंड झाला तोही तिच्याच देखरेखीखाली. म्हणजे द्वेषाला कारण आहे, आणि तेही तिच्या बाजूचं. ती हाडापेराने नाजूक, तो सगळ्यात तगडा, तरी प्रत्येक वेळी डोकं तिचंच चालतं.

दुसरं म्हणजे 'डार्क' ह्या एका शब्दाखाली दोन वेगळी दुकानं आहेत. एकात अंधार जगाचा असतो. युद्ध, विष, राजकारण, माणसं मरतात. दुसऱ्यात अंधार त्या नात्यातच असतो. पाळत ठेवणं, पळवणं, संमतीची रेघ ओलांडणं. ह्या दुसऱ्या प्रकारात बऱ्याच लेखिका पहिल्या पानावरच यादी देतात, आत काय काय आहे, कोणी वाचू नये. मी सोळाव्या वर्षी यादी न वाचता एक उघडलं आणि चाळीस पानांत बंद केलं. कोणी ओरडलं नाही, कारण कोणाला माहीत नव्हतं. माझं म्हणणं, कपाटात डोकावू नका, मुलीला विचारा. ती तुम्हाला तीन तास सांगेल. पस्तावाल.

आणि आमच्या ग्रुपमध्ये काय चालतं सांगू? आम्ही पुस्तकाचं नाव विचारतच नाही. 'गळ्याला सुरी आहे का? एकच पलंग आहे का? तिला कोणी मारलं हे बघून तो थंड आवाजात "कोणी केलं हे?" विचारतो का?' हो असेल तर दे इकडे.

भोचक_भवानी

'एकच पलंग' म्हणजे?

रातराणी_१९

पाऊस पडतो, दोघं सरायमध्ये येतात, एकच खोली शिल्लक असते आणि तिच्यात एकच पलंग. मावशी, ह्याच्यावर अख्खा उद्योग उभा आहे.

भोचक_भवानी

आमच्या डोंबिवलीच्या खोलीत सात माणसं आणि एकच पलंग होता. कोणाचंच कोणावर प्रेम बसलं नाही.

निमूट_नेरूळ

उशिरा आले. अण्णांनी एकोणिसाव्या शतकापर्यंत नेलंच आहे तर मी आणखी मागे जाते. आपली सगळ्यात अस्सल वैरातून प्रेमाची कथा आदिपर्वात आहे. हिडिंबा.

लाक्षागृहातून सुटून पांडव रानात झोपलेत, भीम जागा आहे. हिडिंब राक्षस बहिणीला सांगतो, जा, मारून आण, आपण खाऊ. ती मारायला जाते आणि भीमाला बघून तिथेच थांबते. भावाविरुद्ध उभी राहते. भीम त्या भावाला ठार मारतो. आणि तरी ती कुंतीसमोर येऊन सरळ सांगते, मला हाच हवा. परवानगी मिळते ती अटीवर. दिवसा भीम तिच्याबरोबर, रात्री परत, आणि तेही मूल होईपर्यंत. मग घटोत्कच होतो आणि ते निघून जातात.

इथे सुरी घेऊन आलेली ती आहे. हवंय असं तोंडाने म्हणणारीही तीच. मला ही कथा लहानपणी 'राक्षसीण भाळली' अशी हसत हसत सांगितली गेली. तिच्या बाजूने ती कोणी लिहिली तर मी कोपरखैरणेच काय, पनवेलपर्यंत जाईन.

उलट बाजूला कच-देवयानी. देवांचा कच दैत्यगुरू शुक्राचार्यांकडे संजीवनी विद्या चोरायला येतो, दैत्य त्याला पुन्हा पुन्हा मारतात, देवयानी पुन्हा पुन्हा बापाकडून जिवंत करून घेते. मसाला सगळा आहे. पण शेवटी कच म्हणतो, तू गुरुकन्या, मला बहिणीसारखी. दोघं एकमेकांना शाप देतात आणि गोष्ट संपते. पाचशे पानं वाचून हे हाती आलं असतं तर रातराणीच्या ग्रुपने लेखकाचं घर उन्हात बांधलं असतं.

अण्णा_नौपाडा

ह्याच कथेवर खाडिलकरांचं 'विद्याहरण' आहे, १९१३चं. पण त्या नाटकाचा रोख मद्यपानावर. म्हणजे आपण प्रेमकथा हाती आली की तिच्यातून दारूबंदी काढतो.

निमूट_नेरूळ

अण्णा, दंडवत.

दोन मिनिटंवाल्यांच्या मुद्द्यावरही थोडं. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना मूर्ख समजण्याऐवजी त्या जाऊन त्यांच्याशी बोलल्या. बऱ्याच जणींच्या बोलण्यात गोष्टीइतकंच महत्त्व होतं ते वाचायला बसण्याला. तेवढा वेळ नवरा नाही, पोरं नाहीत, बाई कोणाच्या उपयोगाची नाही. मला वाटतं आपल्याकडे ट्रान्स हार्बरचा लेडीज डबा हेच काम करतो. घर मागे, ऑफिस पुढे, मधली पंचवीस मिनिटं कोणाच्या बापाची नाहीत.

दोन_मिनिटं_बोलू

वेळ हवा हे मान्य. मग त्या वेळात चांगला माणूस का नको? शांत, प्रेमळ, कपबशी विसळणारा?

कोपरीची_पोर

हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. आयडी नवीन आहे, कारण जुन्या आयडीने मला ओळखणारे इथे आहेत.

माझं लग्न पाच वर्षं टिकलं. माणूस शांत, प्रेमळ होता. कपबशी विसळायचा. पहिले सहा महिने तर शेजारच्या बायका माझं उदाहरण द्यायच्या. मग हळूहळू माझा पगार, माझा फोन, माझी माहेरची फेरी. आवाज कधीच चढवला नाही. हात उचलला तेव्हाही नाही.

मी ही पुस्तकं घटस्फोटानंतर वाचायला लागले. लोकांना वाटतं, असल्या अनुभवातून गेलेल्या बाईला हे सोसणार नाही. काहींना नाही सोसत, आणि त्यांचं बरोबरच आहे. मला सोसतं, कारण इथे सुरी पहिल्या पानावर बाहेर असते. तो सांगतो, मी वाईट आहे, माझ्यापासून लांब राहा. माझ्या घरात सुरी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे कळायलाच चार वर्षं गेली. ह्या गोष्टी उलट्या दिशेने जातात. वाईटाकडून सुरू होऊन एकेक थर निघतो. माझ्याकडे एकेक थर चढत गेला होता.

आणि त्या बाया रागावतात हो. तोंडावर रागावतात. लाथ मारतात, थुंकतात, शिव्या देतात, आणि तरी पुस्तक त्यांना शहाणपण शिकवत नाही. मी पाच वर्षांत एकदाही रागावले नाही. 'घर टिकवायचं असतं' हे दोन्हीकडच्या बायकांनी सांगितलं होतं.

एक मात्र. 'तुझ्या भल्यासाठी' म्हणून तो तिला खोलीत कोंडतो, असं आलं की मी तिथेच पुस्तक मिटते. वैरी म्हणून कोंडलं तर वाचते. भल्यासाठी कोंडलं तर नाही.

खिडकीची_सीट

कोपरीची_पोर, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. माझ्या साखरेच्या चमच्याची लाज वाटली.

कोपरीची_पोर

लाज कशाला? साखर माहीत नसलेला माणूस बरा. माझ्या माणसाला सगळं माहीत असायचं.

दोन_मिनिटं_बोलू

कोपरीची_पोर, माझा प्रश्न मागे घेतो. मुलींबद्दलची काळजी मागे घेत नाही. पण काल मोठीला विचारलं. रातराणी म्हणाली तसंच झालं, रात्रीचा दीड वाजला. 'भल्यासाठी' हा मुद्दा तिनेही काढला, वेगळ्या शब्दांत. ड्रॅगनांच्या जाती पाठ झाल्या, तेवढ्यापुरता रातराणीवर राग आहे.

रातराणी_१९

काका, आता सेरा जे. मास ह्या लेखिकेची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मालिका घ्या. २०१५चा पहिला भाग. सौंदर्यवती आणि पशू ह्या जुन्या फ्रेंच कथेवरून सुरू होतो. घरच्यांचं पोट भरायला ती रानात लांडगा मारते, तो निघतो मायावी जमातीतला, मग भरपाई म्हणून तिला भिंतीपलीकडे नेतात. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की पहिल्या भागात ज्याच्यावर जीव टाकाल त्याच्यात फार गुंतू नका.

निमूट_नेरूळ

ती मूळ फ्रेंच कथा मादाम द व्हिलनेव्हने १७४०मध्ये लिहिली ती चांगली जाडजूड. आज माहीत असलेलं आटोपशीर रूप १७५६चं, मादाम द बोमाँचं. ते मुलींना चांगलं वळण लागावं म्हणून लिहिलेलं. म्हणजे खाडिलकर सगळीकडे असतात.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडलाय. मराठीत हे का लिहिलं जात नाही? आपल्याकडे तर असं हत्यार आहे जे इंग्रजीकडे नाही. तू आणि तुम्ही. इंग्रजीत दोघं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात, त्यामुळे सगळा भार सुऱ्यांवर आणि पलंगांवर पडतो. मराठीत नुसतं क्रियापद बदललं तरी काळजाचा ठोका चुकेल. वैरात 'तुम्ही'. बर्फासारखं, टोचून घातलेलं 'तुम्ही'. आणि मग तीनशेव्या पानावर कोणाच्यातरी तोंडून चुकून 'तू'.

भोचक_भवानी

लिहून दाखव. गाव ठाणेच पाहिजे.

निमूट_नेरूळ

बरं. एका बाजूला पारसिकच्या डोंगरावरचं राज्य, दुसऱ्या बाजूला खाडीचं. खाडीचा सरदार डोंगरवाल्यांच्या कैदेत आहे, ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात खांबाला बांधलेला. भरती आली की संपला. पहाऱ्याला राजकन्या.

'सुरी खाली ठेवा. मारायचं असतं तर कालच मारलं असतं तुम्ही.'

'भरतीची वाट बघतेय असं समजा.'

'मग बसून घ्या. सहा तास आहेत.'

ती बसली नाही. चिखलातून रोहित पक्षी चोची बुडवत हळूहळू पुढे सरकत होते, जणू इथे कोणी मरणार नाहीये. दुपार कलली. पाणी त्याच्या घोट्याला लागलं तेव्हा तिने मशक त्याच्या तोंडाला लावली.

'हे कशासाठी?'

'तहानलेल्या माणसाला बुडवायची आमच्याकडे रीत नाही.'

तो प्यायला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. त्याची मान पुढे झुकायला लागली तशी ती एकदम म्हणाली, 'झोपू नकोस.'

त्याने डोळे उघडले.

'काय म्हणालात?'

'काही नाही.'

'"नकोस" म्हणालात.'

'भरती आली,' ती म्हणाली, आणि तिने दोरावर सुरी ठेवली.

रातराणी_१९

मी लायब्ररीत किंचाळले. बाहेर काढलं मला. पुढचा भाग कधी???

भोचक_भवानी

दोरावर ठेवली की दोर कापला? असं तोडून जायचं नसतं, पाप लागतं.

अण्णा_नौपाडा

उत्तम. एकच सूचना. घोट्याला लागलेलं पाणी गुडघ्याला यायला किती वेळ, हे एकदा कोळीवाड्यात कोणाला तरी विचारून घ्या, वाचक चिकित्सक असतात.

बाकी 'नकोस' ह्या शब्दात इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. आमच्या पिढीत बायको 'अहो' म्हणायची आणि आम्ही 'अगं'. तिने मला सबंध संसारात एकदाच 'अरे' म्हटलं. दूध उतू जात होतं आणि मी शेजारी उभा राहून पेपर वाचत होतो. त्यानंतर दोघंही जरा वेळ गप्प होतो. ते तसंच राहून गेलं. आता विचारायला ती नाही.

कोपरीची_पोर

अण्णा.

भोचक_भवानी

अण्णा, आता मला स्वयंपाक सुचणार नाही.

निमूट_नेरूळ

अण्णा, परवानगी असेल तर ते दूध मी पुढच्या भागात घेते. डोंगरावरच्या स्वयंपाकघरात.

अण्णा_नौपाडा

घ्या. पेपरही घ्या.

खिडकीची_सीट

धागा वर काढतेय, कारण आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

सकाळची गाडी, नेहमीची जागा, शेजारी त्या सोज्वळ बाई. मी नवीन पुस्तक सुरू केलं होतं. दिघा गाव गेलं, ऐरोली गेलं. तो आणि ती बर्फाच्या वादळात एका गुहेत अडकलेले, मी पान उलटलं, आणि खिडकीबाहेर बघतच त्या बाई म्हणाल्या, 'अहो, जरा सावकाश.'

मी म्हटलं, 'काय?'

'पान. जरा सावकाश उलटा. आणि मागच्या महिन्यातल्या त्या पुस्तकात त्याने तिच्या भावाला मारलं होतं की नाही शेवटी? मला रोज रबाळ्याला उतरावं लागतं हो, ते पान कधी मिळालंच नाही.'

दीड वर्ष! खिडकीच्या काचेत दिसतं म्हणे, पण उलटं, म्हणून त्या तिरक्या नजरेने सरळच वाचायच्या.

रातराणी_१९

मेले मी. मग सांगितलंत का?

खिडकीची_सीट

सांगितलं ना. भावाला त्याने नव्हतं मारलं, भाऊ स्वतःच फितूर होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

भोचक_भवानी

आणि घणसोली चुकलं का परत?

खिडकीची_सीट

माझं नाही चुकलं. त्यांचं रबाळं चुकलं.